डाव्या गाठीचं कुंपण

नश्फाच्या डोक्यावर नारळाच्या झापांचा भारा होता, त्यामुळे तिला आधी नुसते पायच दिसले.

बोटीतून धक्क्यावर उतरणारे दोन पाय. उन्हानं रापलेले, अनवाणी, आणि उजव्या घोट्यावर प्रवाळानं कापल्याची जुनी पांढुरकी खूण. त्या जखमेवर तिनं स्वतःच्या हातानं खोबरेल लावलं होतं. 'छे, तो कसा असेल,' असं ती मनाला समजावतेय, तोवर मागून आणखी दोन पाय उतरले. गोरेपान, लांबच लांब, आणि नखं चक्क केशरी.

"नश...?"

आवाजही तोच. भाऱ्याखालून मान तिरकी करून तिनं वर पाहिलं. शाहिमच होता. जरा वाळलेला, दाढी राखलेला, पण हसताना एक भुवई वर जायची ती अजून जात होती.

"बरी आहेस?"

"मला काय धाड भरलीय."

"भारा जड दिसतोय. हात देऊ?"

"तुझा हात मोकळा कुठाय," नश्फा म्हणाली.

खरंच नव्हता. बोट हेलकावत होती आणि ती केशरी नखांची बाई त्याच्या हाताला धरून एका पायावर तोल सावरत होती. शाहिमनं चटकन हात सोडवून घेतला. तशी ती धपकन धक्क्यावर बसली, आणि बसल्या बसल्या खळखळून हसली. हसणंही छान होतं मेलीचं. नश्फाला तेच सगळ्यात जास्त लागलं.

ती मान ताठ करून चालू पडली. भारा रिसॉर्टच्या बोटीत टाकायचा होता हे तिला घराच्या दारात पोचल्यावर आठवलं.

आता सांगूनच टाकते. शाहिम म्हणजे नश्फाचा नवरा. म्हणजे होता. आमच्या ओळुफुशी बेटावर घटस्फोट झाला म्हणून काही आभाळ कोसळत नाही. मालदीवचीच ही तऱ्हा आहे, आज भांडले, उद्या सही करून मोकळे झाले, आणि परवा त्याच माणसाबरोबर पुन्हा निकाह. आमच्या झुलेखा दैत्तानं तर एकच नवरा तीनदा करून पाहिला. तिसऱ्या खेपेला म्हणाली, हा सुधारायचा नाही, आणि दुसरा शोधायचा मला कंटाळा आलाय. दैत्ता म्हणजे थोरली बहीण. झुलेखा कोणाचीच सख्खी बहीण नव्हती, म्हणून ती सगळ्या गावाची दैत्ता.

पण नश्फा आणि शाहिमचं मोडलं, ते मात्र गावाला लागलं. कारण दोघं एकमेकांवर जीव टाकायची, आणि मोडलं ते त्या जीव टाकण्यापायीच. शाहिम पाहुण्यांना बोटीतून पोहायला, मासे दाखवायला न्यायचा. संध्याकाळी घरी आला की नश्फा त्याचा सदरा हुंगायची.

"आज नारळाच्या तेलाचा वास नाही. दुसराच येतोय. कोण होती?"

"गिऱ्हाईक होतं, नश."

"गिऱ्हाईकाला नाव नसतं?"

एके दिवशी ती म्हणाली, बोट तरी ठेव नाहीतर मला तरी. शाहिम त्या संध्याकाळी एक शब्द बोलला नाही. तो गप्प बसला याचाच अर्थ तिनं 'काहीतरी आहे' असा लावला. रागाच्या भरात दोघं जाऊन सह्या करून आले, आणि तो दूरच्या एका रिसॉर्टवर निघून गेला. दोन वर्षं ना निरोप, ना ख्यालीखुशाली. आणि आता आला तो हा असा, केशरी नखांना हात देत.

संध्याकाळपर्यंत गावाला सगळं कळलं होतं. बाईचं नाव इनेस. पोर्तुगालची. वाळूचा अभ्यास करते. गेस्टहाउसात उतरलीय, आणि हा मोसमभर तिचा बोटवाला.

"पोर्तुगीज?" हातातला काथ्या आवळत नश्फा म्हणाली. बायका झाप विणायला बसल्या होत्या. "ते लोक एकदा येऊन गेलेत की. पंधरा वर्षं लागली होती हुसकायला."

"अगं, ती काही राज्य करायला आली नाहीये," झुलेखा दैत्ता म्हणाली. "वाळू मोजायला आलीय."

"तेही असंच काहीतरी सांगत उतरले असतील."

बायका खुसखुसल्या. दैत्तानं सुपारी गालात सारली आणि नश्फाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

वाळूचं दुखणं मात्र खरं होतं. पूर्वी आमची वाळू फिरती असायची. वारा पश्चिमेचा असला की पूर्वेच्या काठाला जाऊन बसायची, वारा फिरला की परत यायची. माहेरी गेलेली लेक परत यावी तशी. पण नव्या बंदराची भिंत उभी राहिली आणि वाळू वाट चुकली. ज्या काठावर पाहुणे उन्हात पडतात तो काठ झिजत झिजत पट्टीएवढा उरला. काठ गेला की पाहुणे गेले, पाहुणे गेले की गेस्टहाउस गेलं, आणि मग आमची मासळी कोण खाणार, आमचे झाप कोण घेणार? म्हणून इनेसला सगळं गाव डोक्यावर घेऊन नाचत होतं. एकटी नश्फा सोडून.

तशात बेटाच्या परिषदेचा चिटणीस अफीफ हुकूम घेऊन आला. पाहुण्यांच्या काठाला आमच्याकडे झापांचं कुंपण असतं. त्याला सगळं गाव बिकिनी बीच म्हणतं. पाहुण्यांनी आत हवं तसं पोहावं, आणि आमच्या लोकांनी बाहेरून माना फिरवून जावं. मागच्या वादळात ते कुंपण फाटलं होतं. आता नवं विणायचं, प्रत्येकीनं आपापला तुकडा.

"उंडीच्या झाडाखालचा तुकडा तुमचा," अफीफ नश्फाला म्हणाला. "तिथे सावली आहे. आणि तुमची वीण गावात सगळ्यात घट्ट. पाहुण्यांना त्रास नको."

अफीफ मनानं वाईट नव्हता. वर्षभर तो कधी नीरफणस, कधी दुधाचा डबा घेऊन नश्फाच्या ओट्यावर यायचा, हवामानावर बोलायचा आणि निघून जायचा. तो हवामानाच्या पुढे कधी सरकला नाही, आणि तिनंही सरकू दिलं नाही.

विणीचं तो बोलला ते खरंच होतं. झावळ्या खारट पाण्यात भिजवायच्या, पाती काढून काठीवर दुमडायच्या आणि काथ्यानं गाठी मारत जायचं, हे काम आमच्याकडे पोरीबाळींनाही येतं. पण नश्फाच्या झापातून मुंगी जाणार नाही. आणि ती डावखुरी. साऱ्या गावच्या गाठी उजवीकडे कलतात, तिच्या तेवढ्या डावीकडे. अंधारात हात फिरवला तरी सांगता येईल, हा नश्फाचा झाप.

अशा त्या नश्फानं उंडीखालचा तुकडा विणला, आणि त्यात बरोब्बर आपल्या डोळ्यांच्या उंचीला दोन बोटांची फट ठेवली.

'पाती कुजकी निघाली,' तिनं स्वतःला सांगितलं. स्वतःला तरी काय, आपण काहीही सांगतो.

मग ती रोज दुपारी काथ्याची गुंडी घेऊन उंडीखाली जायची. काम केल्याचं नाटक करत फटीला डोळा लावायची. दिसायचं ते असं. इनेस वाळूत काठ्या रोवतेय, शाहिम त्यांना दोरी बांधतोय. इनेस गुडघाभर पाण्यात उभी राहून काहीतरी सांगतेय, आणि तो डोकं मागे टाकून हसतोय. नश्फाबरोबर तो असं शेवटचं कधी हसला होता? आठवेना. एकदा इनेसनं आपली गवती टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि ती त्यानं दिवसभर काढली नाही. लग्नात नश्फानं दिलेली टोपी या गृहस्थानं दोन दिवसांत समुद्राला वाहिली होती.

आणि एकदा त्यानं वाळूतून एक कवडी उचलली, पाण्यात धुतली आणि इनेसच्या तळहातावर ठेवली. कोणे एके काळी या कवड्या आमच्याकडून गलबतं भरभरून जायच्या, बंगालपर्यंतचे बाजार त्यांवर चालायचे. आता पोरंही त्या उचलत नाहीत. पण त्या एका कवडीपायी नश्फानं त्या रात्री माशाच्या गरुधियात दोनदा मीठ घातलं, आणि ते खारट कालवण भाताबरोबर हट्टानं संपवलंही.

"काय गं, डोळे लाल?" दुसऱ्या दिवशी दैत्तानं विचारलं.

"काथ्याचा भुसा गेला."

"दोन्ही डोळ्यांत?"

"दोन आहेत म्हणून दोन्हींत."

दैत्ता 'हं' म्हणाली.

त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं. नश्फानं फटीला डोळा लावला, तर काठावर फक्त इनेस होती, दूर, पाठमोरी. शाहिम कुठाय? तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं... आणि एकाएकी फट काळी झाली. मग पलीकडून एक डोळा उघडला.

"गाठ सैल झाली वाटतं," कुंपण म्हणालं.

नश्फाच्या हातून गुंडी सुटून घरंगळत गेली.

"मी... दोरी आवळत होते."

"रोज आवळतेस. जीव जाईल आता कुंपणाचा."

"मीच आहे हे तुला काय ठाऊक?"

"गाठी डावीकडे कलल्यात. ओळुफुशीत डावखुरी एकच आहे."

"पाती कुजकी होती."

"तुझ्या हातची पाती कुजकी?" डोळा हसला. "खोटं बोलावं, नश. पण स्वतःच्या कामाला नावं ठेवून बोलू नये."

टपटप थेंब पडायला लागले. उंडीची पानं मोठी, तिच्या डोक्यावर धरलेली. पलीकडे मात्र तो उघड्यावर होता. भिजत असणार. जा म्हणावं की राहा म्हणावं, तिला कळेना.

"टोपी शोभते तुला," ती म्हणाली.

"बघितलीस वाटतं."

"दिसली."

"कुजक्या पातीतून."

तिला हसू आलं आणि त्याच हसण्याचा रागही आला. पापण्यांवरून पाणी निथळत होतं त्याच्या. इतक्या जवळून तो डोळा तिनं दोन वर्षांत पाहिला नव्हता. तपकिरी, कडेला एक बारीकसा काळा ठिपका. ठिपका आहे तिथेच आहे, उगाचच तिच्या मनात आलं.

"शाहिम, ती तुझी कोण?"

लग्नाच्या त्या अख्ख्या वर्षात तिनं हे असं सरळ कधी विचारलं नव्हतं. सदरे हुंगले होते, टोमणे मारले होते, भांडी आपटली होती. विचारलं नव्हतं.



"माझी कोणी नाही," तो म्हणाला. "पण ती काम देतेय. त्यांच्या समुद्रातही बेटं आहेत, तिथली वाळूही अशीच चाललीय म्हणे. वर्षभराचं काम. ती निघेल तेव्हा बरोबर निघायचं."

"आणि तू?"

"मी अजून हो म्हटलेलं नाही." डोळा फटीच्या आणखी जवळ आला. "राहू का... सांग."

शब्द अगदी ओठांवर आला होता तिच्या. एकच तर शब्द. पण तेवढ्यात लांबून इनेसनं हाक मारली, "शा-हीऽम", त्याचं नाव गोड वाकडं करून. आणि तो शब्द जिथून आला होता तिथे परत गेला.

"जा की," नश्फा म्हणाली. "तुला इथे कोणी दावणीला बांधलंय?"

डोळा थोडा वेळ तिथेच राहिला. मग फटीत नुसता पाऊस दिसायला लागला.

त्यानंतर ती उंडीकडे फिरकली नाही. मनाशी म्हणायची, जाऊ दे ना, गेला तर गेला. आणि चपातीचा तवा तापवून चपाती लाटायलाच विसरायची. इकडे शाहिमला फट रिकामी दिसायला लागली, तसा तो काम उरकून गावाच्या बाजूला यायचा, आणि उंडीखाली त्या फटीपाशी तिची वाट पाहत उभा राहायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचा. नश्फा सोडून सगळ्यांना.

आणि तिथेच घोळ झाला. गेस्टहाउसातल्या एका जोडप्यानं तक्रार केली की कुंपणातून कोणीतरी डोळा लावून बघत असतं. बायका पोहत असताना. रोज.

ही गोष्ट आमच्या बेटाला लहान नव्हती. एका बेटाची अशी बोंब झाली की पाहुणे दुसऱ्या बेटाची बोट धरतात. अफीफनं चौकशी केली. त्या फटीपाशी कोण उभं असतं? चार जणांनी एकच नाव सांगितलं.

तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर, परिषदेच्या अंगणात, नीरफणसाखाली, सगळं गाव जमलं. पुरुष जोलींत, म्हणजे दोरीनं विणलेल्या खुर्च्यांत, बायका चटयांवर. इनेस एका कडेला उभी होती, काय चाललंय ते न कळून एकेकाचं तोंड बघत. तिची बोट दुसऱ्या दिवशीची होती. नश्फा मागच्या चटईवर बसली, मांडीत काथ्या घेऊन. हाताला काहीतरी हवं होतं.

"त्या फटीपाशी तू उभा असायचास की नाही?" अफीफनं विचारलं.

"असायचो," शाहिम म्हणाला.

"कशासाठी?"

शाहिम गप्प.

"हे बघ, हे सिद्ध झालं तर पाहुण्यांबरोबर काम करायचा तुझा परवाना जाईल. इथलाच नाही, सगळ्या बेटांवरचा. या बाईही तुला कुठे नेणार नाहीत. सांग, कशासाठी उभा होतास?"

"उभा होतो. एवढंच."

अंगणात कुजबुज झाली. कोणीतरी 'छी' म्हणालं.

नश्फा त्याच्या तोंडाकडे पाहत होती. ते तोंड तिला पाठ होतं. त्या संध्याकाळी, 'बोट की मी' असं तिनं विचारलं तेव्हाही तो असाच खाली बघत, जबडा आवळून गप्प बसला होता. तेव्हा तिला वाटलं होतं, अपराधी आहे म्हणून बोलत नाही. आणि आज? आज तो काय लपवतोय ते तर तिला चांगलंच ठाऊक होतं. तिचं नाव लपवत होता. गावानं आपल्याला नालायक म्हटलेलं चालेल, पण ही बाई चोरून बघते असं कोणी म्हणू नये. त्या संध्याकाळच्या गप्प बसण्यातही मग असंच काही असेल का? दुखावलेला माणूसही गप्पच बसतो की. हे तिला दोन वर्षं सुचलंच नव्हतं.

मांडीतला काथ्या खाली पडला. ती उठून उभी राहिली होती.

"ती फट माझी आहे."

सगळ्या माना वळल्या.

"म्हणजे?" अफीफ म्हणाला.

"म्हणजे मी ठेवली. मुद्दाम. बघायचे तेही मीच."

"पण... तुम्ही काय बघायला?"

आता मागे फिरायला जागाच उरली नव्हती.

"याला," तिनं शाहिमकडे बोट दाखवलं. "हा हिच्याबरोबर हसतो का, ते बघायला. हसत होता. तिची टोपी घालून हिंडत होता. तिला कवड्या वेचून देत होता. मला सहन होत नव्हतं." आवाज फाटला तरी ती थांबली नाही. "आत्ताही होत नाहीये. तो फटीपाशी उभा राहायचा तो माझी वाट बघत. त्यानं विचारलं होतं, राहू का. मी जा म्हटलं. मी खोटं बोलले. जाऊ नये असं वाटतं मला. काय करायचं ते माझं करा, त्याचा परवाना घेऊ नका."



मग झुलेखा दैत्तानं सुपारी थुंकली.

"चला. बोलली एकदाची."

"दैत्ता, तुला..."

"अगं, कुंपण उभं राहिलं त्याच दिवशी आम्ही सगळ्याजणी बघून आलो. तुझ्या झापातून मुंगी जात नाही, आणि तिथे डोळा जाईल एवढी फट? म्हटलं बघू, पोरगी तोंड कधी उघडते. तू उघडलं नसतंस तर मीच उघडणार होते, पण मग त्यात काय मजा?" ती पुरुषांकडे वळली. "या खेपेला पोर्तुगिजांना हुसकायला पंधरा वर्षं लागली नाहीत, एवढं बरं झालं."

सगळं अंगण हसलं. अफीफ हसला नाही. तो हातातल्या कागदांची घडी घालत होता, मग ती उलगडून पुन्हा घालत होता.

"गाठी मलाही दिसल्या होत्या," तो हळूच म्हणाला. "डावीकडच्या. मला वाटलं... फट मुद्दाम ठेवलेली नसावी." त्यानं घसा साफ केला आणि पुन्हा चिटणीस झाला. "त्या जोडप्याला मी सांगतो काय ते. परिषदेचं म्हणणं एवढंच, फट आज बुजली पाहिजे."

कोणीतरी इनेसला सगळं समजावून सांगितलं. ऐकता ऐकता तिचे डोळे मोठे झाले. मग ती शाहिमला काहीतरी भरभर बोलली आणि त्याच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली.

"काय म्हणाली?" नश्फानं लगेच विचारलं. सवय एका दिवसात जात नाही.

शाहिमच्या मानेपर्यंत लाली चढली होती. "म्हणतेय, कधीपासून विचारतेय येतोस का, तर तू म्हणतोस एका माणसाला विचारायचं राहिलंय. ते माणूस असं उंच, रागीट आणि सुंदर आहे हे आधी सांगायचंस ना."

"सुंदर तिनं म्हटलं की तू घातलंस?"

"तिनं रागीट म्हटलं. बाकीचं मी घातलं."

ऊन उतरताना नश्फा काथ्या आणि भिजवलेली पाती घेऊन उंडीखाली गेली. पाहुणे गेस्टहाउसात परतले होते. फट बुजवायला दोन माणसं लागतात. एकानं इकडून दोरी आत सारायची, दुसऱ्यानं तिकडून ओढून परत द्यायची. पलीकडे कोण उभं आहे हे तिनं विचारलं नाही. रापलेली बोटं दिसत होती.

दोरी गेली, दोरी आली. बोटाला बोट लागलं, आणि दोघांनीही लागलं नाही असं दाखवलं.

"रिसॉर्टवर एक बोटींची शेड होती," पलीकडून तो बोलायला लागला. "तिच्यावर शेकड्यानं झाप. कुठून कुठून आलेले. मी गेलो त्या आठवड्यात एका कोपऱ्यात वर बघितलं, तर गाठी डावीकडे."

नश्फाचा हात थांबला.

"मग मी तिथेच जेवायचो. पाऊस आला की सगळे आत पळायचे, मी त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहायचो. दोन वर्षांत डोक्यावर एक थेंब पडला नाही, नश."

तिला दोरी दिसेनाशी झाली. तिनं बाहीला डोळे पुसले.

"मग एक निरोप का नाही धाडलास?"

"तू 'बोट की मी' असं विचारलंस. मी कोण, हे नाही विचारलंस. मला वाटलं, हिला मी पाहुण्यांमागे फिरणारा एक बोटवालाच वाटतो."

"मला..." ती अडखळली. "मला तू सगळ्यात जास्त हवासा वाटतोस. म्हणून तर."

पलीकडून दोरी परत आली.

"एक सांगून ठेवते," नाक ओढत ती म्हणाली. "माझा मत्सर काही जायचा नाही. उद्या दुसरी कोणी बोटीत बसेल, तर मी पुन्हा जळेन."

"जळ की. फक्त तोंडानं सांग. गावाच्या कुंपणाला भोकं पाडू नकोस."

"आणि टोपी?"

"तूच विणून दे. या वेळी गाठ मारून ठेवीन."

आता फट करंगळीएवढी उरली होती. शेवटची गाठ बाहेरूनही मारता येते आणि आतूनही. तिनं दोरीची दोन्ही टोकं त्याच्याकडे सारली. त्यानं गाठ मारली, आपल्या उजव्या हातानं. अजून आहे ती तिथे. नश्फाच्या सगळ्या डावीकडे कललेल्या गाठींत एकटी ती उजवीकडे कललेली. पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. आमच्या बायका काठ झाडायला आत गेल्या की तिला हात लावून येतात.

फट बुजली. तिकडचं ऊन इकडे यायचं थांबलं. कुंपण पुन्हा घट्ट, मुंगी जाणार नाही असं.

मग पलीकडून आवाज आला.

"नश... आता तू दिसत नाहीस."

ती खाली पडलेला काथ्या गोळा करत होती. हात थांबवून, कुंपणाकडे तोंड करून म्हणाली,

"मग इकडे ये."